जीवदयेच्या घरातील जीवशास्त्र

पाणी गाळण्याचा संस्कार जैन घरातील मुलाला अक्षरओळखीच्याही आधी मिळतो. हंड्याच्या तोंडावर जाड दुहेरी गाळणे, त्यातून संथपणे उतरणारे पाणी आणि शेवटी ते गाळणे उलटे धरून त्यावर ओतलेले गाळलेले पाणी. कापडावर अडकलेले जीव ज्या विहिरीतून आले त्याच विहिरीत सुखरूप परतावेत, एवढाच त्यामागील हेतू. विहिरी गेल्या, नळ आले. तरी अनेक घरांत नळाच्या तोंडाला बांधलेली पांढरी पिशवी आजही दिसते.

ज्या मुलाने हे रोज पाहिले आहे, त्याच्यापुढे अकरावीत असा एक प्रश्न यावा. रिटा कॉलवेल या शास्त्रज्ञेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब या भागात खेड्यांतील स्त्रियांना जुन्या सुती साडीच्या चार किंवा अधिक घड्या करून त्यातून पाणी गाळण्यास शिकवले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, त्या गावांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. परंतु पटकीचा जिवाणू लांबीने दोन-तीन मायक्रोमीटरचा, आणि घडी घातलेल्या साडीची छिद्रे सुमारे २० मायक्रोमीटरची. जिवाणू तर छिद्रातून सहज पार होईल. मग रोग कसा घटला?

उत्तर असे की हे जिवाणू पाण्यात पुष्कळदा सुटे नसतात. कोपेपॉड नावाच्या अतिसूक्ष्म जलचरांच्या अंगावर ते मोठ्या संख्येने चिकटलेले असतात, आणि तो जलचर कापडात अडकतो. पाठ केलेल्या व्याख्येतून हे उत्तर निघत नाही. आकडे समोर मांडून, विसंगती ओळखून, 'मधे आणखी कोणी असले पाहिजे' असा तर्क करावा लागतो. शालेय स्तरावरील जीवशास्त्राच्या मोठ्या स्पर्धेत, म्हणजे जीवशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये, कसोटी लागते ती अशा विचाराची. आणि अशा विचाराला लागणारे कितीतरी साहित्य जैन घराच्या स्वयंपाकघरात, पाठशाळेत आणि दुकानाच्या वहीत आधीपासूनच पडलेले आहे.

स्पर्धेची वाट

आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिम्पियाड १९९० साली तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात सुरू झाले. भारत त्यात २००० सालापासून भाग घेतो, आणि २००८ साली ही स्पर्धा मुंबईतच भरली होती. २०२३ साली संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे भारताच्या चारही विद्यार्थ्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्या चौघांपैकी एक विद्यार्थी आपल्या जालन्याचा होता. म्हणजे ही वाट महानगरातूनच निघते असे नाही. ती मराठवाड्याच्या बाजारपेठेतूनही निघू शकते.

वाटेचे टप्पे ठरलेले आहेत. पहिली परीक्षा इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स ही संस्था साधारणपणे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात घेते. दोन तासांची, पर्यायी उत्तरांची. चुकीच्या उत्तराला गुण कापले जाण्याची तरतूद असल्याने अंदाजाने खुणा करणे अंगाशी येते. तीतून निवडलेल्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय ऑलिम्पियाड परीक्षा जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीस होते. त्यातून सुमारे ३५ जणांना उन्हाळ्यात मुंबईच्या मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शिबिरासाठी बोलावले जाते, आणि तेथे चौघांची निवड होते. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी कनिष्ठ विज्ञान ऑलिम्पियाडची स्वतंत्र परीक्षा आहे. सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धाही आहे. सवय तेथूनच लागते.

नावनोंदणीची मुदत बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात येते. घरात पर्युषणाची लगबग, पाठोपाठ क्षमापनेचे दिवस. या धामधुमीत तारीख हुकल्याचे पुष्कळांना नंतर कळते. वयाच्या आणि इयत्तेच्या अटी त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहून जुलैमध्येच घरच्या दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी, हे उत्तम.

चिरायचीच आहे ती भाजी

आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात प्राण्यांची रचना व कार्य यांना सुमारे २५ टक्के, पेशीविज्ञानाला २०, आनुवंशिकी व उत्क्रांतीला २०, वनस्पतींना १५, परिसंस्थाशास्त्राला १०, तर प्राणिवर्तन आणि वर्गीकरण यांना प्रत्येकी ५ टक्के असा वाटा आहे. राष्ट्रीय शिक्षण संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अकरावी-बारावीची पुस्तके हा पाया. त्यावर कॅम्पबेल यांच्या नावाने ओळखला जाणारा जीवशास्त्राचा मोठा ग्रंथ बहुतेक विद्यार्थी वापरतात. मागील वर्षांच्या राष्ट्रीय परीक्षेच्या प्रश्नपत्रिका होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि त्या सोडवण्याला पर्याय नाही.

परंतु पुस्तकाइतकेच महत्त्वाचे आहे ते पाहणे. वनस्पती हाही जीवच असल्याने अभ्यासासाठी फुले ओरबाडणे अनेक घरांना रुचत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याची गरजही नसते. जी भाजी चिरायचीच आहे, ती चिरण्यापूर्वी पाच मिनिटे मुलाच्या हाती द्यावी. भेंडीचा आडवा काप घेतला की पाच कप्पे आणि मधल्या अक्षाला लागलेले दाणे दिसतात. काकडीत तेच दाणे भिंतीच्या बाजूने लागलेले असतात. मटाराची शेंग उघडली की दाणे एकाच कडेला ओळीने बसलेले. बीजांडन्यासाचे तीन प्रकार पुस्तकात तीन ओळींत येतात. एकदा पाटावर पाहिले की जन्मभर विसरत नाहीत. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असेल, तर त्या दिवशी कडधान्याची पाळी. भिजवलेल्या हरभऱ्याच्या दोन डाळी म्हणजेच बीजपत्रे. 'द्विदल' हा शब्द दह्याच्या नियमामुळे घरात रोज उच्चारला जातो; वनस्पतिशास्त्रात सपुष्प वनस्पतींच्या एका मोठ्या गटाला नाव मिळाले तेही याच दोन डाळींवरून.

कंदमुळांचा नियम तर प्रश्नांची खाणच आहे. जमिनीखाली वाढते ते सारे मूळ, हा समज पहिल्याच परीक्षेत महागात पडतो. गाजर, मुळा, बीट, रताळे ही मुळे आहेत. बटाटा मात्र खोड आहे. त्याचे 'डोळे' म्हणजे खवल्यासारख्या पानाच्या बगलेतील कळ्या. आले आणि हळद हीही आडवी वाढणारी खोडे. कांद्याचे मांसल पदर म्हणजे पानांचे तळ. आणि भुईमुगाची शेंग? ती जमिनीत वाढते, पण ती फळ आहे. फूल जमिनीवर उमलते, फलन झाल्यावर बीजांडकोशाखालचा दांडा लांबत जाऊन जमिनीत शिरतो आणि शेंग तेथे पोसली जाते. 'बटाटा चालत नाही, मग शेंगदाणा कसा चालतो?' हा प्रश्न जैन घरातील प्रत्येक मूल कधी ना कधी विचारते. त्या बालप्रश्नात ऑलिम्पियाडचा एक उत्तम प्रश्न दडलेला आहे, हे कळले की अभ्यासाची गोडी वेगळी वाटते.

पाच उदुंबर फळांच्या त्यागाचेही असेच. वड, पिंपळ, उंबर, पाकर, कठूमर ही झाडे वनस्पतिशास्त्रात फायकस या एकाच प्रजातीत मोडतात. ज्याला आपण फळ म्हणतो तो खरे तर आत वळलेला फुलोरा असतो. टोकाच्या बारीक छिद्रातून चिमुकली मादी गांधीलमाशी आत शिरते, फुलांचे परागण करते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीतील बिनपंखी नर जन्मून, समागम करून तेथेच संपतात. पंख असलेल्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे उडतात. उंबराच्या माशीविना उंबर नाही आणि उंबराविना ती माशी नाही. फळात जीव आहेत म्हणून ते वर्ज्य, एवढे घराने सांगितले. ते जीव कोण, तेथे का आणि कसे जगतात, हे जीवशास्त्र सांगते.

चुकांची खतावणी

व्यापारी घरातील मुलाला आणखी एक वारसा मिळतो, तो हिशोबाचा. ऑलिम्पियाडच्या जीवशास्त्रात गणित भरपूर असते, आणि जीवशास्त्र म्हणजे पाठांतर अशा समजुतीने आलेली मुले येथे अडखळतात. अनुकूल परिस्थितीत दर २० मिनिटांनी दुप्पट होणारा एक जिवाणू १० तासांत ३० वेळा दुप्पट होतो आणि त्याचे १०७ कोटींहून अधिक होतात. चक्रवाढ व्याज समजलेल्या मुलाला हा आलेख वेगळा शिकवावा लागत नाही. फरक एवढाच सांगावा लागतो की अन्न संपले आणि कचरा साठला की ही वाढ थांबते.

दुसरे उदाहरण आनुवंशिकीचे. एखादा अप्रभावी जनुकीय विकार दहा हजारांत एकाला होत असेल, तर सदोष जनुकाची वारंवारता शंभरात एक निघते आणि वाहकांचे प्रमाण जवळजवळ पन्नासांत एक. बाधित व्यक्ती विरळा, पण वाहक घरोघरी. हे गणित परीक्षेपुरते राहत नाही. थॅलेसेमियाचे दोन वाहक विवाहबद्ध झाले, तर प्रत्येक अपत्यास तीव्र आजार होण्याची शक्यता चारांत एक असते, आणि विवाहापूर्वीच्या साध्या रक्ततपासणीने वाहक ओळखता येतो. सोयरिकी समाजातच होतात अशा कुटुंबांत एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीने हे कागदावर मांडून दाखवले, तर तिच्या तयारीचा लाभ पदकाआधीच घराला मिळाला असे म्हणावे.

तयारीची शिस्तही दुकानाकडून घेता येते. सोडवलेल्या प्रश्नपत्रिकेतील प्रत्येक चूक त्याच दिवशी रोजमेळात लिहावी तशी वहीत तारखेने लिहावी. मग आठवड्याच्या शेवटी तिची खतावणी करावी: पेशी, वनस्पती, प्राणी, आनुवंशिकी, परिसंस्था अशी खाती, आणि प्रत्येक खात्यात चुकीचे कारण. माहिती नव्हती, आलेख नीट वाचला नाही, प्रश्नातील 'नाही' हा शब्द नजरेतून सुटला, की घाईने खूण केली? महिनाभरात कोणत्या खात्यावर बाकी निघते ते लख्ख दिसते. बहुतेकांची मोठी बाकी 'माहिती नव्हती' या खात्यावर नसते. ती प्रश्न नीट न वाचण्यावर असते. अशा विद्यार्थ्याने आणखी एक जाड पुस्तक विकत घेणे म्हणजे गल्ल्याला भोक असताना विक्री वाढवण्याचा खटाटोप.

वेळेचा प्रश्न नाजूक आहे. परीक्षा येते ती दिवाळीच्या हंगामाला लागून. दुकानात माणसे कमी पडतात, घरात निर्वाणोत्सव, वहीपूजन, पाहुणे. आणि याच तीन-चार आठवड्यांत मुलाला उजळणी करायची असते. 'तासभर गल्ल्यावर बस' हे सांगणे सोपे असते, नाकारणे मुलाला जड जाते. हा वाद ऐन वेळी घालण्यापेक्षा श्रावणातच बोलून ठेवावे: सकाळचे दोन तास मुलाचे, त्यांना कोणी हात लावायचा नाही, सायंकाळी तो दुकानाचा. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरात पुढची संध्याकाळ मोकळी मिळते, हा तर मोठाच लाभ. मात्र त्या संध्याकाळीचा अभ्यास मध्यरात्रीपलीकडे ओढू नये. झोप कमी झाली की आकड्यांच्या प्रश्नांत चुका वाढतात.

सुरीचा प्रश्न

या साऱ्यावर एक सावट असते, आणि त्याविषयी घरात उघडपणे क्वचितच बोलले जाते. जीवशास्त्र म्हणजे बेडूक कापणे, ही आजी-आजोबांच्या मनातील प्रतिमा अजून पुसलेली नाही. कित्येक मुली-मुलांचा जीवशास्त्राचा ओढा याच एका भीतीपायी दहावीनंतर वाणिज्य शाखेकडे वळवला गेला आहे.

वस्तुस्थिती पाहावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये पदवी व पदव्युत्तर प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून ते बंद करण्याचे निर्देश दिले. ऑलिम्पियाडच्या भारतातील पहिल्या दोन्ही परीक्षा पूर्णतः लेखी असतात. त्यांत कोणत्याही प्राण्याला हात लावावा लागत नाही. प्रात्यक्षिके येतात ती शिबिरात आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेत. त्यांपैकी बरीचशी वनस्पतींचे काप, रसायने, सूक्ष्मदर्शक आणि आकडेवारी यांची असतात. मात्र आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या कौशल्यांच्या यादीत अपृष्ठवंशी प्राण्यांच्या विच्छेदनाचाही उल्लेख आहे. हे लपवून मुलाला पुढे ढकलणे प्रामाणिकपणाचे नाही, आणि त्या दूरच्या शक्यतेसाठी आजच विषयाचे दार बंद करणेही शहाणपणाचे नाही.

मधला मार्ग बोलण्याचा आहे. शिबिरापर्यंत पोचणारे विद्यार्थी देशात पस्तीसच्या आसपास. तेथवर पोचलेले मूल सतरा वर्षांचे, विचार करणारे असते. त्याने स्वतः ठरवावे की आपली मर्यादा कोठे आहे, आयोजकांना आधी विचारावे, आणि एखाद्या प्रात्यक्षिकाचे गुण सोडावे लागले तर ते समजून-उमजून सोडावेत. आईवडिलांनी लादलेला नकार आणि मुलाने पत्करलेला संयम यांत मोठे अंतर आहे. जैन परंपरेत व्रत लादले जात नाही, ते घेतले जाते.

प्राण्यांचा अभ्यास सुरीविना होत नाही, असेही नाही. गावातील पांजरपोळ ही या दृष्टीने दुर्लक्षित शाळा आहे. गाय रवंथ करताना तासभर शांत बसून पाहावे: एक घास किती वेळा चावला जातो, दोन घासांमध्ये किती सेकंद जातात, मानेवरून वर चढणारा गोळा कसा दिसतो. ऊन चढल्यावर हे आकडे बदलतात का? वहीत दहा दिवसांच्या नोंदी झाल्या की चार कप्प्यांचे जठर हे चित्र राहत नाही, ते समोर चाललेले काम होते. प्राणिवर्तनाच्या प्रश्नांसाठी लागणारी नोंद, मोजणी आणि तुलना ही तिन्ही अंगे त्यात आली, आणि एकाही जीवाला इजा झाली नाही.

दोन वर्गीकरणे, एक मूल

पाठशाळेत शिकलेले मूल आणखी एका ठिकाणी थबकते. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात कृमी, मुंगी, भ्रमर, मनुष्य अशी एकेक इंद्रिय वाढत जाणाऱ्या जीवांची श्रेणी सांगितली आहे. मुंगी त्रींद्रिय, भ्रमर चतुरिंद्रिय. जीवशास्त्राचे पुस्तक मात्र मुंगी आणि मधमाशी यांना कीटकांच्या एकाच गणात ठेवते, आणि भिंगाखाली बहुतेक मुंग्यांना संयुक्त नेत्रही दिसतात. 'मग खरे काय?' असे मूल विचारते.

'विज्ञान आज हे सांगते, उद्या बदलेल' असे म्हणून त्याला गप्प बसवणे सोपे आहे. 'आपल्या शास्त्रात सारे आधीच सांगितले आहे' असे म्हणणेही तितकेच सोपे. दोन्ही उत्तरे मुलाला समाधान देत नाहीत. दोन्ही वर्गीकरणांचे मूळ प्रश्न वेगळे आहेत, हे त्याला सांगता येते. कोणत्या जीवाला किती जाणीव आहे आणि म्हणून त्याच्याशी आपण कसे वागावे, या प्रश्नातून एक जन्मले. कोण कोणाचा वंशज, कोणाचा पूर्वज समान, या प्रश्नातून दुसरे. परीक्षेत विचारले जाते ते दुसरे. तेथे दुसऱ्याचेच उत्तर लिहावे. मुंगीच्या डोळ्यांचा प्रश्न उरतोच, आणि तो उरला तरी हरकत नाही. घरात उत्तर नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. चातुर्मासात विराजमान असलेल्या महाराजसाहेबांना किंवा पंडितजींना मुलानेच विचारावे. प्रश्न विचारल्याने श्रद्धा जात नाही. प्रश्न दडपला तर मूल श्रद्धेपासून आणि विषयापासून, दोहोंपासून दूर जाऊ शकते.

पदकापलीकडे

'हे सारे करून मिळणार काय?' व्यापारी घरात हा प्रश्न रास्तच असतो. ऑलिम्पियाडच्या पदकावर वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळत नाही. त्यासाठी प्रवेशपरीक्षा द्यावीच लागते, आणि तिची मागणी वेगळी असते. अलीकडे काही राष्ट्रीय शिक्षणसंस्थांनी ऑलिम्पियाड शिबिरापर्यंत पोचलेल्यांसाठी प्रवेशाची वेगळी वाट ठेवली आहे; तिचे नियम दरवर्षी तपासून पाहावेत. ज्यांना पुढे दुकानच सांभाळायचे आहे त्यांचीही ही तयारी वाया जात नाही. बियाणे, औषधे, मसाले, धान्य, डाळी यांचा व्यापार करणाऱ्या कुटुंबात कीड कशी लागते, बुरशी कोणत्या आर्द्रतेत धरते, बियाण्याची उगवणशक्ती कशी मोजतात, हे कारणांसह समजणारा वारस असणे हा काही तोटा नव्हे.

निवड न झालेल्यांची संख्या निवड झालेल्यांहून कितीतरी पटींनी मोठी असणार, हेही आधीच मनाशी धरावे. निकालाच्या दिवशी घराने 'किती गुण' याआधी 'कोणता प्रश्न आवडला' असे विचारले, तर मूल पुढच्या वर्षी पुन्हा बसते.

एकट्या कुटुंबाला जड जाणारे काही खर्च संघाला हलके आहेत. मोठे ग्रंथ महाग असतात. पाठशाळेच्या कपाटात त्यांची एकेक प्रत असली तरी दहा मुलांचे काम होते. त्याच कपाटात एक सूक्ष्मदर्शक असावा. तो परवडत नसेल तर स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश यांच्या गटाने विकसित केलेला, घड्या घालून जोडायचा कागदी फोल्डस्कोपही चालेल. सुमारे १४० पट मोठे दाखवण्यास तो पुरेसा आहे. चातुर्मासातील एखाद्या रविवारी प्रवचनानंतर मुलांनी गाळण्याच्या उलट्या बाजूचा एक थेंब त्याखाली पाहावा. आजी ज्यांना न पाहता आयुष्यभर जपत आली, ते जीव नातवंडे प्रथमच पाहतील, आणि जमल्यास आजीलाही दाखवतील. पाहून झाल्यावर तो थेंब आला तेथेच परत सोडावा.